पोटॅशियम वाढलेलं, किडनी मात्र चांगली: आमच्या घरातल्या बीपीचं मूळ

शापोराकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने आमचं घर एका आकड्याभोवती फिरत होतं. आता थोडं स्थिरावलंय म्हणून लिहायला बसले. मी पेडणे तालुक्यातली, उच्च माध्यमिकात जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही. चुकलं तर बिनधास्त दुरुस्त करा.

माझा भाचा, म्हणजे माझ्या भावाचा, भाईचा मुलगा, १९ वर्षांचा, कॉलेजच्या फुटबॉल संघातला. गेल्या पावसाळ्यात स्पर्धेआधी सगळ्या पोरांची तपासणी झाली तेव्हा त्याचं बीपी १६८/१०४ निघालं. पोरगा घाबरला असेल असं वाटलं. घरी यंत्र आणलं, सकाळी उठल्या उठल्या मोजलं, तरी तेच. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ०.८, म्हणजे किडनीची गाळणी व्यवस्थित. सोनोग्राफीतही काही नाही. पोटॅशियम मात्र ६.१. साधारण मर्यादा ३.५ ते ५ मानतात.

ज्यांच्याकडे गेलो त्यांनी त्या आकड्यावर पेनाने रेघ मारली. ‘सँपल खराब झालंय.’ पुन्हा काढलं, ५.९. पुन्हा तेच उत्तर. केळी आणि आडसराचं (शहाळ्याचं) पाणी बंद करा एवढंच सांगितलं आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू केलं. तीन आठवड्यांनी पोराला पायांत जीव नसल्यासारखं झालं, पोटॅशियम ६.८. रात्री साडेअकराला भाई त्याला गाडीत घालून दुसऱ्या इस्पितळात घेऊन गेला. ईसीजीच्या कागदावर टी लहरी तंबूच्या खांबांसारख्या उभ्या होत्या. मी शिकवताना फळ्यावर काढते तशा. त्या आमच्या पोराच्या छातीतून आलेल्या बघताना माझे हात थरथरत होते.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने-नवे सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले आणि चार आकड्यांखाली रेघा ओढल्या. पोटॅशियम जास्त. क्लोराइड ११२, जास्त. बायकार्बोनेट १७, कमी. क्रिएटिनिन नॉर्मल. मग मान वर करून विचारलं, ‘घरात आणखी कुणाला लहान वयात बीपी?’

भाई आणि मी एकमेकांकडे बघितलं. बाबांना पस्तिशीत बीपी, दोनदा मूतखडा, ५१ व्या वर्षी पक्षाघाताने गेले. आत्याला तिशीपासून गोळ्या. भाईला स्वतःला आहे, तो गोळी घेतो आणि विसरतो. आमच्या गावात याला कारण ठरलेलं होतं. आजोबा मिठागरात राबायचे, म्हणून ‘मिठाच्या घरातलं बीपी’. लोक हे इतक्या मायेने म्हणायचे की आम्हालाही खरं वाटायचं.

आजाराचं नाव गॉर्डन सिंड्रोम. असा पहिला रुग्ण १९६४ साली ऑस्ट्रेलियातून नोंदवला गेला आणि १९७० मध्ये रिचर्ड गॉर्डन यांनी तो नीट मांडला, म्हणून त्यांचं नाव. वैद्यकीय पुस्तकात ‘स्यूडोहायपोअल्डोस्टेरॉनिझम प्रकार २’ असंही लांबलचक नाव सापडेल.

आता नेमकं बिघडतं काय ते माझ्या पद्धतीने सांगते, कारण हे समजल्यावरच माझी झोप परत आली.

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त किडनीच्या नलिका परत रक्तात ओढून घेतात. सर्वांत मोठा वाटा सुरुवातीच्या वळणात परत येतो. शेवटाकडच्या एका आखूड तुकड्यात, दूरस्थ वळणनलिकेत, फक्त पाच ते दहा टक्के. पण शरीर बारीक हिशेब करतं तो इथे.

आगरवाड्याचं मिठागर ज्यांनी बघितलंय त्यांना मानस माहीत असेल. खाजनाच्या बांधातली ती लाकडी दारं. शापोरा नदीचं भरतीचं पाणी किती आत घ्यायचं ते मानसावर ठरतं. आजोबा फळी एक बोट वर-खाली करायचे आणि सांगायचे, एवढ्याने आगरातलं सगळं गणित बदलतं. नलिकेच्या त्या तुकड्यात पेशींच्या भिंतीवर असंच एक मानस आहे. त्याचं नाव एनसीसी. ते सोडियम आणि क्लोराइड एकत्र आत घेतं. थायझाइड जातीच्या गोळ्या नेमकं हेच बंद करतात.

मानसावर माणूस लागतो. इथे ती माणसं म्हणजे विंक नावाची प्रथिनं, डब्ल्यूएनके-१ आणि डब्ल्यूएनके-४. ती कायनेज आहेत, म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटवणारी. विंक स्पाक नावाच्या दुसऱ्या कायनेजला जागं करतं, स्पाक जाऊन एनसीसीवर फॉस्फेट लावतं, आणि मानस उघडतं. एकाने दुसऱ्याला हाक मारायची, दुसऱ्याने फळी ओढायची. पेशीतला संदेश म्हणजे हाच.

काम झाल्यावर विंकला हटवणारीही यंत्रणा आहे. केएलएचएल-३ आणि कल-३ ही दोन प्रथिनं मिळून विंकवर युबिक्विटिनची खूण करतात आणि पेशी ते मोडीत काढते. भाच्याच्या जनुक तपासणीत केएलएचएल-३ मध्ये बदल सापडला. म्हणजे विंक मोडीत जातच नाही, साचत राहतं. मानस रात्रंदिवस उघडं. मीठ आत येतं, मिठामागून पाणी, आणि बीपी चढतं.

आणि पोटॅशियम? नलिकेत पुढे एक जागा आहे जिथे सोडियम आत येताना पोटॅशियम बाहेर जातं. सोडियम आधीच्या मानसावर संपलं तर पुढच्या अदलाबदलीला उरतं काय? पोटॅशियम रक्तातच अडकतं. आम्लही नीट बाहेर पडत नाही, म्हणून त्याला शमवणारं बायकार्बोनेट कमी.

पोराला आता क्लोरथॅलिडोनची, म्हणजे त्याच थायझाइड जातीतल्या गोळीची, छोटी मात्रा चालू आहे. काही रुपयांची गोळी. टेल्मिसार्टन बंद. दोन आठवड्यांत पोटॅशियम ४.६, बीपी १२४/७८. मी डॉक्टरीणबाईंसमोर रडले.

लिहायचं कारण एकच. तरुण वयात बीपी, पोटॅशियम जास्त आणि क्रिएटिनिन नॉर्मल असे तीन आकडे एकत्र दिसले, तर ‘सँपल खराब’ हे उत्तर दुसऱ्यांदा ऐकून घेऊ नका.

---

म्हापशाचा रक्तपेढीवाला

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी २२ वर्षं रक्त काढतोय, म्हणून सँपलबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ‘सँपल खराब’ हे दर वेळी खोटं नसतं.

लाल पेशींच्या पोटात पोटॅशियम भरलेलं असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर सांडतं आणि आकडा खोटा वाढतो. पट्टा जास्त वेळ घट्ट बांधला, पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावली, बारीक सुईतून जोराने ओढलं, किंवा नळी स्कूटरच्या डिकीतून तासभर हिंदकळत फिरली, या सगळ्याने आकडा खोटा वाढू शकतो. पेशी फुटल्या असतील तर सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, गुलाबी दिसतं, आम्ही डोळ्यांनी ओळखतो, यंत्रही ओळखतं. पण मूठ आवळण्याने वाढलेलं पोटॅशियम सिरमच्या रंगावरून कळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

म्हणून शंका आली तर सरळ सांगायचं: पट्टा सैल ठेवा, मूठ आवळायला लावू नका, नळी लगेच यंत्रावर लावा. अशा सँपलमध्येही आकडा वर आला तर तो पेशंटचा आकडा आहे, नळीचा नाही. तुमच्या पोराचं दुसरं सँपल असं काढायला हवं होतं.

---

शापोराकाठ

दादा, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. तुमचा प्रतिसाद छापून आमच्या शाळेच्या फलकावर लावते, चालेल ना?

---

म्हापशाचा रक्तपेढीवाला

लावा की. विचारायचं काय त्यात.

---

सुरंगीचा वळेसर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या सासूबाईंचंही बीपी एकदम चढलं होतं, पण त्यांचं पोटॅशियम २.९ होतं, म्हणजे कमी. त्या घशासाठी चार महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा घेत होत्या. डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला आणि महिन्याभरात सगळं ठीक झालं. ज्येष्ठमध तर आपलं घरचं औषध, त्याने असं कसं होतं? हा पण असाच किडनीचा मामला का?

---

डॉ. हेन्लेवळण

धाग्यावर यायचं टाळत होतो, इथे लिहिलेलं लोक सल्ला समजून घेतात म्हणून. पण धागाकर्तीने इतकं नेमकं लिहिलंय की राहवलं नाही. मी किडनीचा डॉक्टर, दक्षिण गोव्यात.

आधी वळेसर ताईंचं. हो, मामला किडनीचाच, पण जागा वेगळी. नलिकेच्या शेवटच्या भागात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक मीठ राखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटू शकतं. ते चिकटू नये म्हणून तिथे एक विकर (एन्झाइम) पहाऱ्याला असतं, ते कॉर्टिसॉलला निष्क्रिय करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन त्या विकराला अडवतं. पहारा उठला की कॉर्टिसॉल मीठ राखायला लावतं, आणि तिथल्या अदलाबदलीत पोटॅशियम बाहेर वाहून जातं. म्हणून बीपी जास्त, पोटॅशियम कमी. चिमूटभर ज्येष्ठमध अधूनमधून घेतल्याने हे होत नाही. रोज, महिनोन्महिने, ते नको.

हीच जागा एका दुसऱ्या आनुवंशिक आजारात बिघडते, त्याला लिडल सिंड्रोम म्हणतात. ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेला. तिथे सोडियमची वाट स्वतःच पेशीच्या भिंतीवरून हटत नाही. त्यातही पोटॅशियम कमी. तिथे अमिलोराइड ही गोळी चालते, संप्रेरकाला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन चालत नाही, कारण बिघाड संप्रेरकाच्या पुढच्या पायरीवर आहे. बीपीच्या पेशंटचं पोटॅशियम कोणत्या बाजूला गेलंय ते बघितलं की नलिकेत कुठे बघायचं याचा अंदाज येतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी तोच आकडा विचारतो.

आता धागाकर्तीच्या मानसाबद्दल. उपमा फार आवडली, वॉर्डात वापरणार. एक भर घालतो. विंकला लायसिन नावाचं अमिनो आम्ल नेहमीच्या जागी नसतं, बाकी बहुतेक कायनेजना असतं. लायसिनचं अक्षर के. ‘विथ नो के’ची आद्याक्षरं म्हणजे डब्ल्यू, एन, के. २००० साली अमेरिकेत मेलानी कॉब यांच्या प्रयोगशाळेत हे प्रथिन सापडलं, तेव्हा किडनीशी त्याचा संबंध कुणाच्या मनातही नव्हता. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने गॉर्डन सिंड्रोमच्या कुटुंबांत डब्ल्यूएनके-१ आणि डब्ल्यूएनके-४ मधले बदल शोधले. हा दुवा जुळला तेव्हा मी एमबीबीएसला होतो. आमच्या सरांनी तो लेख वर्गात आणून वाचून दाखवला होता.

पुढची दहा-बारा वर्षं मात्र गोंधळाची गेली. बेडकाच्या अंड्यांत एनसीसी आणि विंक-४ एकत्र घालून बघितलं तर विंक-४ एनसीसीला दाबतं असंच दिसत होतं. म्हणजे मानस उघडणारा नव्हे, बंद करणारा! मग बदललेलं विंक-४ बीपी का वाढवतं, याला सरळ उत्तर मिळेना. २०१२ मध्ये केएलएचएल-३ आणि कल-३ सापडले आणि कोडं सुटू लागलं. विंक मोडीत काढणारी यंत्रणाच बिघडली आणि विंक वाढलं की मानस उघडतं, हे स्पष्ट झालं. बेडकाच्या अंड्यांत दाबल्यासारखं का दिसायचं, तेही नंतर उलगडलं. त्या अंड्यांत क्लोराइड जास्त असतं, आणि क्लोराइड विंकला झोपवतं.

या क्लोराइडवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे हा दुर्मीळ आजार आपल्या सगळ्यांच्या ताटाला येऊन भिडतो. क्लोराइड विंकला जाऊन चिकटतं आणि त्याला निजवून ठेवतं. रक्तात पोटॅशियम कमी झालं की त्या नलिकेच्या पेशींतला विद्युतभार जास्त ऋण होतो, क्लोराइड पेशीबाहेर पडतं, विंक जागं होतं, मानस उघडतं, मीठ आत. उलट पोटॅशियम वाढलं की विंक निजतं, मीठ पुढे वाहून जातं, आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकता येतं. म्हणजे पोटॅशियम किती आहे ते बघून मीठ किती राखायचं हे ठरवणारी ही तारच आहे. तुमच्या भाच्याच्या किडनीत ही तार कायम ‘पोटॅशियम कमी आहे’ असं सांगत राहते, आणि प्रत्यक्षात ते सहावर गेलेलं असतं.

---

फोंड्याचा भजनी

डॉक्टरसाहेब, म्हणजे साध्या बीपीवाल्यांनाही हे लागू? माझं वय ५८. खारं-सुकं सोडवत नाही. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीतला, सुका बांगडा नि खारी सुंगटं (कोळंबी) घरात असल्याशिवाय पावसाळा पावसाळा वाटत नाही. भाजी फार होत नाही.

---

डॉ. हेन्लेवळण

काका, लागू आहेच. मीठ जास्त आणि पोटॅशियम कमी असं ताट असेल तर पेशंट नसतानाही विंक जागं राहतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलंय, पोटॅशियम कमी दिलं की मीठ भरपूर असूनही एनसीसी चालू राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ आणि किमान साडेतीन ग्रॅम पोटॅशियम अशी आहे. सुक्या माशाचा एक तुकडा जेवणात आला तर त्या जेवणात दुसरीकडे मीठ घालू नका, सुकं आधी दोन पाण्यांत भिजवा, आणि ताटात तांबडी भाजी, चवळी, मूग येऊ द्या. पुरुमेंत सोडा असं मी म्हणणार नाही, मीही गोव्याचाच आहे. पण रोज नको.

---

डिचोलीचा पाटी-पेन्सिल

मग ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ते सरळ घ्यावं का सगळ्यांनी? त्यात पोटॅशियम असतं ना?

---

डॉ. हेन्लेवळण

चांगला प्रश्न, आणि इथेच जपायला हवं. चीनच्या ६०० गावांत जवळपास २१,००० लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन चतुर्थांश साधं मीठ, एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. लोक होते आधी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे बीपीवाले. फायदा खरा आहे.

पण ज्यांची किडनी खराब आहे, जे पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, आणि अर्थात गॉर्डनच्या कुटुंबातली माणसं, त्यांनी हे मीठ विचारल्याशिवाय हातात घ्यायचं नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या पोटॅशियम वाढवतात. बीपीसाठी या गोळ्या लाखो लोक घेतात आणि त्या उत्तम आहेत. फक्त सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोटॅशियम तपासायचंच.

---

काणकोणची माती

आमच्या तालुक्यात किडनीच्या आजाराची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. माझा थोरला काका डायलिसिसवर होता, धाकट्याचं क्रिएटिनिन आता ३ च्या वर. ताईंचा धागा वाचून घरात सगळे म्हणायला लागले की आपल्यातही हा गॉर्डन असेल, ती स्वस्त गोळी आपणही मागूया. असू शकतं का?

---

डॉ. हेन्लेवळण

नाही, आणि हे तुमच्या काकांना आजच सांगा. गॉर्डनमध्ये किडनीची गाळणी चांगली असते, क्रिएटिनिन नॉर्मल असतं, तरी पोटॅशियम वाढतं. ओळखायची खूणच ती. तुमच्या काकांचं पोटॅशियम वाढलं तर ते गाळणी कमजोर झाल्यामुळे. ती वेगळी वाट, औषधंही वेगळी. त्यांनी स्वतःहून कुठलीही गोळी घेऊ नये, आडसराचं पाणी, केळी, डाळी किती घ्यायच्या तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. तुमच्या पिढीने मात्र वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. तुमच्या भागातून माझ्याकडे येणारे बहुतेक जण उशिरा येतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

---

काणकोणची माती

बरं झालं विचारलं. काका दुकानात जायलाच निघाला होता.

---

सांजवेळ मडगाव

माझ्या वडिलांचं किडनी प्रत्यारोपण झालंय, चार वर्षं झाली. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते टॅक्रोलिमस सुरू केल्यापासून बीपी चढलं, पोटॅशियम ५.६ च्या आसपास, बायकार्बोनेटही कमी येतं. नवीन किडनीचं क्रिएटिनिन १.१. ताईंनी लिहिलेले चार आकडे वाचले आणि वडिलांची फाईल काढून बघितली. हुबेहूब! आमच्यात आनुवंशिक काही नाही. मग हे काय?

---

डॉ. हेन्लेवळण

शाबास, ही जोडी फार कमी लोकांच्या लक्षात येते. टॅक्रोलिमस ज्या विकराला अडवतं त्याचं नाव कॅल्सिन्यूरिन. ते फॉस्फेट काढून टाकणारं आहे. ते अडलं की एनसीसीवर फॉस्फेट टिकून राहतं, मानस उघडंच. २०११ मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसांतही तशाच खुणा दिसल्या. गॉर्डन जन्मजात, हा औषधाने आलेला, पण मानस तेच. काही रुग्णांना थायझाइडचा छान उपयोग होतो. टॅक्रोलिमसची मात्रा मात्र स्वतः हलवू नका, नवी किडनी त्यावर टिकून आहे. फाईल घेऊन तुमच्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडे जा आणि चारही आकडे दाखवा.

---

सांजवेळ मडगाव

शुक्रवारी भेट आहे. चारी आकडे एका कागदावर लिहून घेतलेत.

---

लेपो आणि लोणचं

जीवशास्त्र वाचून खूप वर्षं झाली, पण एनसीसी हे मानस पहिल्यांदा कुठे मिळालं हे वाचलं होतं, ते इथे सांगायलाच हवं. मेक्सिकोचे गेरार्दो गांबा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं ते फ्लाउंडर माशाच्या मूत्राशयातून. फ्लाउंडर म्हणजे आपल्या लेपोसारखाच चपटा मासा! खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या मूत्राशयात मीठ ओढून घेणारं हेच प्रथिन भरपूर असतं, म्हणून तो निवडला. म्हापशाच्या बाजारात लेपो बघते तेव्हा आता ही गोष्ट आठवते.

आणि याच मानसाचा उलटा आजार म्हणजे गिटेलमन. तिथे एनसीसी जन्मतः कमजोर. बीपी कमी, पोटॅशियम कमी, मॅग्नेशियम कमी. माझ्या मावसबहिणीला आहे. लहानपणी ती लोणच्याचा खार वाटीने प्यायची आणि मावशी तिला ओरडायची. पंचविसाव्या वर्षी निदान झालं. शरीर मीठ मागत होतं, आणि आम्ही तिला हावरट म्हणत होतो.

---

शापोराकाठ

तुमच्या बहिणीचं वाचून गळा दाटला. आमच्याकडे मीठ धरून ठेवणारी पेशी, तुमच्याकडे सोडून देणारी, आणि दोन्ही घरांत दोष माणसालाच.

बाबांच्या मूतखड्याबद्दलही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गॉर्डनमध्ये लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. थायझाइड तेही कमी करतं. बाबांना दोन्ही वेळा ‘पाणी कमी पिता’ म्हणून बोलणी बसली होती. मीही बोलले होते.

---

पणजीची पायरी

ताई, एक व्यवहाराचं विचारते. घरातल्या बाकीच्यांची जनुक तपासणी करायला हवी का? ती महाग असते ना? आणि लग्नाच्या मुलामुलींचं काय, हे उघड करायचं?

---

शापोराकाठ

हाच प्रश्न आमच्या घरी चवथीच्या आधीपासून चालू आहे.

आमच्या घरातला बदल प्रभावी प्रकारचा आहे. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. भाच्यात बदल नेमका सापडलाय, त्यामुळे बाकीच्यांची तपासणी फक्त त्या एका जागेची करायची, ती पहिल्या तपासणीपेक्षा बरीच स्वस्त पडते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी साधं रक्त करा. पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन आणि बीपी. त्यावरच पुष्कळ कळेल.

लग्नाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, उघड करायचं. लपवलं तर उद्या त्या घरात येणाऱ्या बाळाच्या रिपोर्टावरही कुणीतरी रेघ मारेल. वयनीला हे पटत नाही. तिची भीती मला कळते. तिच्या मुलाचं आहे, माझ्या नाही. म्हणून मी आवाज चढवत नाही.

---

डॉ. हेन्लेवळण

एक पुरवणी. कल-३ मधला बदल असेल तर आजार लहानपणीच आणि जोरात दिसतो, आणि पुष्कळदा तो आईवडिलांत नसतो, मुलातच नव्याने झालेला असतो. म्हणून घरात कुणालाच बीपी नाही एवढ्यावरून गॉर्डन नाकारू नका. लहान मुलाचं बीपी बालरोगतज्ज्ञांनी मोजायलाच हवं, आणि ते क्वचितच मोजलं जातं.

---

शापोराकाठ

आजची नोंद टाकते. भाईचं रक्त झालं. म्हापशाच्या दादांनी सांगितलं तसं पट्टा सैल ठेवून, मूठ न आवळता काढलं, नळी जिथल्या तिथे यंत्रावर. पोटॅशियम ५.८, क्लोराइड १११, बायकार्बोनेट १८, क्रिएटिनिन ०.९. भाई रिपोर्ट हातात धरून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे बाबांचं पण हेच.’ सोमवारपासून त्याची गोळी बदलणार.

भाचा परवा मैदानावर उतरला, डॉक्टरांच्या परवानगीने, अर्धाच वेळ.

आत्या अजून तयार नाही. ७२ वर्षं काढली, आता सुई कशाला, म्हणते. रविवारी तिच्याकडे जाणार आहे. बीपीचं यंत्र पिशवीत टाकलंय.